ठिपक्याचा भाव

या पुस्तिकेत ज्या नोटांची छायाचित्रे आहेत, त्यांतल्या बहुतेकांची किंमत त्यांच्यावर छापली आहे तेवढीच आहे. दहाची दहा रुपये, शंभराची शंभर. पुस्तिकेच्या पहिल्याच ओळीत हे सांगून टाकले तर पुस्तिका विकत कोण घेईल, अशी शंका छापणाऱ्यांनी काढली. ओळ राहू द्या, असा हट्ट लेखकाने धरला. मला तो हट्ट आवडला आणि प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो त्यामुळेच.

विषय तसा चिमूटभर आहे. गांधीजींच्या कानाजवळ शाईचा बारीक ठिपका. क्रमांकातला एक आकडा बाकीच्यांपेक्षा केसभर खाली. एका बाजूची पांढरी कड दुसरीपेक्षा जाड. रंग जरा फिका. बँकेच्या काउंटरमागे माझी नोकरी गेली. अशा नोटा हाताखालून किती गेल्या असतील त्याला गणती नाही. गड्डी मोजताना बोट अडायचे ते कोपरा गेलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या किंवा हाताला वेगळ्या लागणाऱ्या नोटेपाशी. ठिपक्यापाशी ते कधी अडले नाही आणि अडायचे काही कारणही नव्हते. आज तीच नोट प्लास्टिकच्या पाकिटात जाते, भिंगातून तिचा फोटो निघतो, खाली 'रेअर मिसप्रिंट' असे लिहिले जाते आणि ती मोबाइलवर विकायला येते. दारव्ह्याचा, पुसदचा, वणीचा कॉलेजात शिकणारा पोरगा ती घेतो, शंभराच्या नोटेला शंभराच्या कितीतरी पट मोजून. नोट खरी असते, ठिपकाही खरा असतो. खोटा असतो तो फक्त 'रेअर' हा शब्द, आणि त्या शब्दाबद्दल पोलिसांत तक्रार करता येत नाही.

खोट्या नोटांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. बँकांत फलक असतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. खऱ्या नोटेच्या खोट्या कौतुकावर मात्र कोणी बोलत नाही. नव्या संग्राहकाचा खिसा त्यानेच जास्त रिकामा होतो, असे माझे मत आहे. बनावट नोट घेणारा एकदा फसतो आणि शहाणा होतो. क्षुल्लक दोषाच्या नोटा घेणाऱ्याला आपण फसलो हेच कळत नाही. तो अल्बम भरत राहतो, आणि कधीतरी पैशांची गरज पडली म्हणून विकायला काढतो तेव्हा त्याला कळते की घेणारा कोणी नाही.

दोष ओळखायचा तर आधी नोट कशी तयार होते ते ठाऊक हवे. पुस्तिकेचे दुसरे प्रकरण त्यावर आहे आणि ते कंटाळवाणे वाटले तरी गाळू नये. भारतात नोटा छापणारे छापखाने चार. नाशिकचे करन्सी नोट प्रेस १९२८ सालचे, देवासचे १९७०च्या दशकातले. हे दोन्ही केंद्र सरकारच्या महामंडळाकडे आहेत. म्हैसूर आणि सालबोनी येथले छापखाने त्यानंतरचे, ते रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचे. नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाच्या तंतूंचा असतो. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळच्या वाचकाला हे सांगताना मला विशेष बरे वाटते. या कागदाचे मोठे ताव असतात आणि एका तावावर अनेक नोटा एकदम छापल्या जातात. आधी ऑफसेटवर रंगीत पार्श्वभूमी, पुढची आणि मागची बहुधा एकाच वेळी. मग मोठ्या नोटांवर उठावाची छपाई, म्हणजे गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ, बोटाला खरखरीत लागणाऱ्या रेषा. त्यानंतर क्रमांक. सगळ्यांत शेवटी कटाई.

प्रत्येक टप्प्यावर यंत्र वेगळे, शाई वेगळी. ताव एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा तो अगदी काटेकोर त्याच जागी बसेल असे नाही. मिलिमीटरचा काही भाग इकडे-तिकडे होतो. छापखान्यालाही ते ठाऊक असते आणि तेवढी सूट त्याने धरलेली असते. म्हणून गांधीजींचे चित्र किंचित डावीकडे सरकलेली नोट ही चूक नव्हे, ती ठरलेल्या मर्यादेत बसणारी नोट आहे. अशा नोटा लाखांनी असतात. उलट पुढची आणि मागची पार्श्वभूमी एकमेकींच्या तुलनेत ठळकपणे सरकलेली दिसली, उजेडासमोर धरल्यावर दोन्ही बाजूंचे अर्धे-अर्धे छापलेले आकडे जुळून एक आकडा व्हायला हवा तो होत नसला, तर मात्र थांबून पाहावे. कारण दोन्ही बाजू एकदम छापणाऱ्या यंत्रात तसे सहजी होत नाही. डोळ्याला दोन्ही दोष सारखेच वाटतात. फरक कळतो तो यंत्र ठाऊक असलेल्याला.

काही वेळा तर दोष म्हणून विकली जाणारी गोष्ट मुद्दाम केलेली असते. २०१५पासून नोटांच्या क्रमांकातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. ही सुरक्षेची खूण आहे, रिझर्व्ह बँकेने ती जाहीर करून आणली. तरीही 'आकडे लहानमोठे छापले गेलेली चुकीची नोट' अशी जाहिरात मी स्वतः पाहिली आहे. २००५पूर्वीच्या नोटांच्या मागे छपाईचे वर्ष नसते, तर 'वर्ष छापायचे राहून गेलेली नोट' म्हणून त्याही विकल्या जातात. आणि स्टार नोटा! २००६पासून सदोष नोट काढून तिच्या जागी घातलेल्या बदली नोटेवर अक्षरे आणि आकडे यांच्या मध्ये एक तारा छापतात. आधी दहा, वीस, पन्नासच्या नोटांवर तो आला, पुढे मोठ्या नोटांवरही. २०२३च्या जुलैत या तारेवाल्या नोटा बनावट असल्याची अफवा इतकी पसरली की त्या पूर्णपणे चलनी आहेत असा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला. ज्या दिवसांत किराणा दुकानदार ती नोट घेईना, त्याच दिवसांत मोबाइलवर ती 'दुर्मिळ' म्हणून दामदुपटीने विकली जात होती. दोघांनाही ती काय आहे हे माहीत नव्हते, हे एक मत. विकणाऱ्याला माहीत होते, हे माझे.

आता खरे दोष. तावाचा कोपरा दुमडला आणि तसाच छपाईतून, कटाईतून गेला, तर नोट उलगडल्यावर तिला पंखासारखा जादा कागद निघतो. ओल्या शाईचा ताव दुसऱ्याला चिकटला तर मागच्या बाजूला पुढच्या चित्राचा आरशातल्यासारखा उलटा ठसा उमटतो. क्रमांकाच्या यंत्रातले एक चाक अडकले तर एकाच नोटेवर दोन वेगळे क्रमांक येतात. एखादा ताव एक टप्पा चुकवून पुढे गेला तर सगळे चित्रच गायब होते. २०१७च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांच्या हाती गांधीजींचे चित्र नसलेल्या दोन हजारांच्या नोटा आल्या होत्या. बँकेने सांगितले, नोटा खऱ्या आहेत, छपाई चुकली आहे. त्याच्या वर्षभर आधी हजाराच्या काही नोटा सुरक्षा धाग्याशिवाय छापल्या गेल्याची बातमी गाजली होती.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते सांगता येते, आणि त्यानंतरचे टप्पे त्या चुकीवर चढलेले दिसतात. अमेरिकेतली एक वीस डॉलरची नोट संग्राहकांत प्रसिद्ध आहे. तिच्यावर डेल मॉन्टे कंपनीच्या केळ्याचे स्टिकर चिकटलेले आहे. स्टिकर कोणीही चिकटवू शकतो. पण या नोटेवरचा शिक्का आणि क्रमांक त्या स्टिकरच्या वरून छापला गेला आहे, काही भाग कागदावर आणि काही स्टिकरवर. म्हणजे पहिल्या दोन छपाया झाल्यावर आणि क्रमांक पडण्याआधी, छापखान्याच्या आतच, ते तिथे आले. २००६ साली ही नोट लिलावात २५,३०० डॉलरला गेली आणि २०२१च्या जानेवारीत ३,९६,००० डॉलरला. पैसा मोजला गेला तो या क्रमाच्या पुराव्याला. शंभराच्या नोटेवरचा शाईचा डाग छापखान्यात पडला की कुणाच्या टेबलावर, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने त्या डागाला पैसे मागू नयेत.

टेबलावर काय काय होते ते सांगायला हवे. 'कटाई चुकलेली' म्हणून मिळणाऱ्या नोटेला आधी पट्टी लावावी. महात्मा गांधी नव्या मालिकेतली पाचशेची नोट ६६ बाय १५० मिलिमीटर, शंभराची ६६ बाय १४२, दहाची ६३ बाय १२३. खरी कटाई चुकते तेव्हा एका बाजूची कड कमी झाली तर दुसरीकडची तेवढीच वाढते, कधी तिथे शेजारच्या नोटेचा तुकडाही दिसतो. नोटच आखूड भरली तर ती कात्रीने कापलेली आहे. 'लहान आकाराची' म्हणून येणारी नोट बहुधा शर्टाच्या खिशात राहून धुतली गेलेली असते. कापसाचा कागद आटतो. धुतलेली, आटलेली, खाडाखोड झालेली नोट रिझर्व्ह बँकेच्या २००९च्या नोट परतावा नियमांत अपूर्ण नोट म्हणून येते. ती बँकेत नेऊन बदलायची असते, काचेखाली ठेवायची नव्हे. क्रमांक पुसून 'क्रमांक नसलेली' केलेली नोट अतिनील उजेडाखाली धरावी. क्रमांक चमकणाऱ्या शाईने छापतात आणि खोडलेल्या जागी कागदाचे तंतू उसकलेले राहतात. उठावाचे चित्र रसायनाने उडवले तरी यंत्राने कागदाला दिलेला दाब मागून बोटाला लागतो. छोटा अतिनील टॉर्च स्वस्तात मिळतो. कोणतीही नोट विकत घेण्याआधी तो घ्यावा.

खऱ्या चुका इतक्या थोड्या का, याचेही उत्तर छापखान्यातच आहे. तिथे छापलेल्या नोटेइतकाच बाद केलेल्या नोटेचा हिशेब ठेवावा लागतो. २०१८च्या जानेवारीत देवासच्या छापखान्यात तपासणी विभागातलाच एक अधिकारी बाद नोटा बुटांत लपवून बाहेर नेताना सुरक्षा दलाच्या जवानांनी पकडला. कार्यालयातून आणि घरातून मिळून सुमारे नव्वद लाखांच्या नोटा सापडल्या. त्या नोटा बारीकसारीक छपाईदोषामुळे बाद झालेल्या होत्या. तो त्या संग्राहकांना विकायला नव्हे, चलन म्हणून खर्चायला नेत होता. चोरालाही त्या दोषांची किंमत छापील रकमेपेक्षा जास्त वाटली नाही, हे मला या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते.

तपासणी ढिली पडली असा एक काळ मात्र होता. ८ नोव्हेंबर २०१६च्या नोटबंदीनंतर नव्या पाचशेच्या नोटा इतक्या घाईने बाहेर आल्या की काही नोटांत गांधीजींच्या चेहऱ्याला दुहेरी सावली होती, काहींच्या कडा वेगळ्या, काहींचा रंग वेगळा. गर्दीच्या घाईत सदोष नोटा सुटल्या असाव्यात, लोकांनी त्या खुशाल वापराव्यात किंवा परत कराव्यात, असे रिझर्व्ह बँकेच्या प्रवक्त्यांनी तेव्हा सांगितले. आपल्याकडे तो ऐन कापसाचा हंगाम होता. बाजार समित्यांत चुकारे अडले होते, आणि नवी नोट हाती आली की शेतकरी ती उलटसुलट करून दहादा पाहत असे. तेव्हा जपून ठेवलेल्या त्या दुहेरी सावलीच्या नोटा आज विकायला निघतात. त्या इतिहासाची खूण म्हणून ठेवायला माझी हरकत नाही. पण घाईत छापल्या म्हणून त्या थोड्या छापल्या गेल्या, असे कोणी समजू नये.

आता भावाकडे येतो. पुस्तिकेत सगळ्यात जास्त पाने यालाच दिली आहेत. मोबाइलवर दिसणारा आकडा हा विकणाऱ्याने मागितलेला आकडा असतो. तो नोटेची किंमत होत नाही. यवतमाळच्या माणसाला हे समजावायला लागू नये. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. कापूस घेऊन आवारात गाडी लावलेल्याला हर्रासात काय बोली लागली, ओलाव्यापायी किती कापले गेले आणि हातात काय पडले, हे तो बरोबर सांगतो. जाहीर आकडा आणि पट्टीवरचा आकडा यांतला फरक जो पिढ्यान्‌पिढ्या भोगतो, त्याच माणसाने मोबाइलवरचा 'एक रुपयाची नोट सात लाख' हा आकडा पट्टीवरचा समजावा, याचे मला खरोखर नवल वाटते. मागितलेला भाव कोणीही कितीही लिहू शकतो, त्याला पैसे पडत नाहीत. पाहायचा तो झालेल्या सौद्याचा भाव. नामांकित लिलावगृहे प्रत्येक लिलावानंतर कोणती वस्तू कितीला गेली याची यादी प्रसिद्ध करतात. ती फुकट पाहता येते. तिथे ठिपक्याच्या नोटा नसतात. ज्या वस्तूला लिलावगृह आपल्या कॅटलॉगात चौकोनभर जागा द्यायला तयार नाही, तिच्यासाठी आपण किती द्यावे याचा विचार प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे करावा.

मोहाचा दुसरा आकडा म्हणजे ७८६. श्रद्धेने ती नोट जपणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, भावाबद्दल बोलतो. नोटेच्या क्रमांकात सहा आकडे असतात. दहा लाख नोटांच्या एका मालिकेत ७८६ सलग येईल अशा नोटा किती? हे तीन आकडे चार जागी बसू शकतात, प्रत्येक जागी उरलेल्या तीन आकड्यांच्या हजार जुळण्या. झाले चार हजार. ७८६७८६ ही एक नोट दोनदा मोजली गेली ती वजा केली की ३,९९९. म्हणजे साधारण अडीचशे नोटांमागे एक. हजार नोटांच्या सलग बंडलात ७८६ने संपणारी नोट तर एक असतेच. बंडल फोडणाऱ्या कोणत्याही कॅशियरला हे ठाऊक असते. २०२३च्या मार्चअखेर देशात सुमारे १३,६०० कोटी नोटा चलनात होत्या. अडीचशेने भागले तर ७८६च्या नोटा पन्नास कोटींच्या वर जातात. ज्या वस्तूचे पन्नास कोटी नग बाजारात फिरत आहेत, ती पाच लाखांना कोण घेईल?

पण नेमकी हीच जाहिरात आली आणि या विषयाचे दुसरे, जास्त वाईट तोंड उघडले. पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट, तिच्यावर ७८६, मिळवा पाच लाख. महात्मा गांधी मालिकेतल्या पाचच्या नोटेमागे शेत नांगरणारा ट्रॅक्टर आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात ती नोट देव्हाऱ्यात, वहीत, लुगड्याच्या घडीत सापडतेच. सेवानिवृत्त झाल्यावरही लोक ती घेऊन माझ्याकडे येतात. "भाऊ, याचे पाच लाख येते म्हन्ते, खरं हाय का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत हाव नसते. कर्जाचा हप्ता असतो, मुलीचे लग्न असते. इथे गिऱ्हाइकाला महाग नोट विकायची नसते, विकणाऱ्यालाच लुटायचे असते. फोटो पाठवला की समोरून लगेच होकार येतो. मग नोंदणीचे काही शेकडे. मग रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र, त्यावर गोल शिक्का आणि आपले नाव. मग कर, मग कुरिअरचा विमा, मग 'ना हरकत' दाखला. प्रत्येक रक्कम आधीपेक्षा मोठी आणि प्रत्येक 'परत मिळणारी'. आधी गेलेले वाचावे म्हणून माणूस पुढचे भरतो. २०२१ साली बेंगळुरूत एका शिक्षिकेने १९४७चे एक रुपयाचे नाणे विकायला काढले. कोटभर रुपये देणारा भेटला आणि त्या कोटीच्या करापोटी तिचे लाखभर रुपये गेले. शिकलेली, शहरातली बाई. तेव्हा खेड्यातल्या माणसाच्या भोळेपणावर कोणी हसू नये.

त्याच वर्षी, ४ ऑगस्टला, रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, त्यांसाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तसे मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. 'आरबीआय मान्यताप्राप्त नोट खरेदीदार' असा कोणी प्राणी अस्तित्वात नाही. यवतमाळला सगळ्यात जवळचे रिझर्व्ह बँकेचे कार्यालय नागपूरला संविधान चौकात आहे. तिथेही ट्रॅक्टरच्या नोटेचे पाचच रुपये मिळतील. पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक लगेच लावावा. वेळ जितका कमी गेला असेल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. लाजेने दोन दिवस गप्प बसणे हेच चोराला हवे असते.

मग आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या पेट्यांत किमतीचे काहीच नसते का? असते, आणि बहुधा ज्याच्याकडे कोणी पाहत नाही ते. यवतमाळ हा वऱ्हाडचा भाग. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, म्हणून चलन कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया. पैनगंगा ओलांडली की निजामाचे राज्य आणि हाली शिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. उमरखेड-पुसदकडच्या ज्या घरांचे नातेसंबंध, शेती, उधारी नदीच्या दोन्ही तीरांवर होती, माहूरची वारी होती, त्यांच्याकडे दोन्ही चलने येत-जात. निजाम सरकारने १९१८च्या कायद्याने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या, त्यांतल्या काही अशा घरांत अजून असू शकतात. हाली चलन १९५०च्या दशकात संपले आणि ज्यांनी नोटा वेळेत बदलल्या नाहीत त्यांच्याकडे त्या कागद होऊन राहिल्या. आज चांगल्या स्थितीतल्या अशा नोटांना जाणकार मागणी आहे. याच हैदराबादी नोटांची एक खेप १९२२ साली फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ 'इजिप्त' नावाच्या बोटीबरोबर बुडाली होती. १९३०च्या दशकात बोटीतले सोने-चांदी वर काढताना या सही नसलेल्या, समुद्राच्या पाण्याने डागाळलेल्या नोटाही निघाल्या. त्यांच्या डागाला किंमत आहे, कारण तो डाग कुठे आणि केव्हा पडला हे कागदोपत्री नोंदलेले आहे.

अशी दुसरी ओळ नाशिकची. फाळणीनंतर पाकिस्तानसाठी तिथेच भारतीय नोटांवर 'गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान' असे जादा छापले गेले. १९५९मध्ये हजयात्रेकरूंसाठी खास अक्षरांच्या नोटा निघाल्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदीत 'रुपया' की 'रुपये' यावर मतभेद होता, म्हणून दोन्ही तऱ्हेच्या नोटा आहेत. या सगळ्या अभ्यासाच्या गोष्टी आहेत. त्यांच्याही नकला निघतात; साध्या ब्रिटिशकालीन नोटेवर पाकिस्तानचा शिक्का मारणे काही अवघड नाही. पण इथे निदान ताडून पाहायला साधने आहेत. रझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांचा भारतीय कागदी चलनावरचा संदर्भग्रंथ आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. यवतमाळहून अंजनेरी लांब पडते हे खरे. पण ठिपक्याच्या दोन-चार नोटांना लागतात तेवढ्या पैशांत जाऊन-येऊन होते.

लेखकाशी माझा एका बाबतीत मतभेद आहे तो इथे नोंदवतो. त्यांच्या मते नवशिक्याने सदोष नोटांच्या नादी लागूच नये; आधी सहीपरत्वे, वर्षपरत्वे साध्या नोटा जमवाव्यात. मला वाटते, पोरांना ठिपके जमवू द्यावेत. अट एकच, नोट आपल्या हाती व्यवहारात आलेली असावी, म्हणजे दहाची दहालाच. अशी नोट निरखताना छपाईचा क्रम कळतो, उठावाची शाई बोटाला ओळखू येते, चारही छापखाने ठाऊक होतात. कंटाळा आला तर त्याच नोटेचे समोसे खाता येतात. हा एकच छंद असा आहे की ज्यात जमवलेली वस्तू चलनात असेपर्यंत दर्शनी किमतीला परत करता येते. विकत घेऊन त्याचा तो गुण घालवू नये, इतकेच. लेखकांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि चौथ्या प्रकरणात तळटीप घातली. तळटीप बारीक अक्षरात आहे, पण आहे.

शेवटी एक कायद्याची गोष्ट, कारण पुस्तिकेत ती परिशिष्टात गेली आहे आणि परिशिष्ट कोणी वाचत नाही. नोटबंदीत रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटा, त्यांतल्या सदोष असोत वा निर्दोष, हव्या तितक्या बाळगता येत नाहीत. २०१७च्या कायद्याने सामान्य माणसाला सगळ्या मिळून दहा आणि अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीस, एवढीच मुभा आहे. त्याहून जास्त सापडल्या तर दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी रकमेच्या पाचपट, यांतले जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. 'हजाराच्या जुन्या मिसप्रिंट नोटांची अख्खी गड्डी' अशी जाहिरात दिसली, तर गड्डीत शंभर नोटा असतात हे लक्षात ठेवून पुढचे काय ते ठरवावे.